हाताच्या ड्रिलने काटकोनात भोक कसे पाडावे? माझ्या विमानाचे एक चाक मागे राहिले आहे

गॅलरीतला कारखाना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या पावसाळ्यात सुरू केलेले माझे दुसरे मॉडेल विमान परवा पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभे राहिले आणि उभे राहताक्षणी तिरके दिसले. फूटपट्टी लावून पाहिले, तर डावे चाक उजव्या चाकाच्या जवळजवळ ७ मिमी मागे होते. तारा मी दोनदा काढून तपासल्या. दोन्ही तारा एकाच साच्यावर वाकवलेल्या असून एकमेकींवर ठेवल्या की तंतोतंत जुळतात. तेव्हा दोष तारांचा नसून ज्या भोकांत त्या बसतात त्या भोकांचा आहे, आणि ती भोके मीच पाडलेली असल्यामुळे तक्रार कोणाकडे करावी हा प्रश्न उरत नाही.

रचना थोडी सविस्तर सांगतो. विमान खाली पंख असलेले, ४० साइझचे, म्हणजे साधारण ०.४० घन इंचाच्या इंजिनासाठी आखलेले आहे आणि त्याची मुख्य चाके पंखात बसतात. पंखाच्या खालच्या अंगाला खाच असलेला कठीण लाकडाचा ठोकळा चिकटवलेला असतो. ४ मिमी जाडीच्या पियानो वायरचा (कडक पोलादी तारेचा) आडवा भाग त्या खाचेत झोपतो, तारेचे एक टोक काटकोनात वळून ठोकळ्यातल्या भोकातून पंखाच्या पोटात शिरते आणि दुसरे टोक खाली उतरून चाकाचा पाय होते. विमान उतरताना बसणारा धक्का आडव्या भागाच्या पिळात जिरावा, अशी त्यामागची कल्पना आहे. माझ्या विमानात या भोकाची खोली ३२ मिमी आहे, कारण खाचेच्या ठोकळ्यावर आतून आणखी एक ठोकळा चिकटवलेला आहे आणि भोक दोहोंतून जाते.

हिशेब केला तेव्हा थोडा हादरलोच. भोक ३ अंशांनी कलले, तर ३२ मिमी खोलीवर ते जेमतेम १.७ मिमी सरकते आणि डोळ्याला काही खटकत नाही. मात्र तीच तार खाचेभोवती ३ अंशांनी फिरते आणि १३० मिमी लांबीच्या पायाच्या टोकाला चाक ७ मिमी ढळते. म्हणजे उजवे भोक सरळ आले असावे आणि डावे ३ अंशांनी चुकले असावे, असा माझा निष्कर्ष आहे.

माझ्याकडे साधे पिस्तुलाच्या आकाराचे विजेचे ड्रिल आहे. खांबाचे ड्रिल ठेवायला जागा नाही, कारण कारखाना म्हणजे पुण्यातल्या एका सदनिकेची चार फूट रुंदीची गॅलरी आहे. भोके पाडताना मी श्वाससुद्धा रोखून धरला होता. हात अधिक स्थिर कसा करावा, यासाठी काही सराव असतो का? पुढे इंजिनाच्या फायरवॉलची (इंजिन ज्यावर बसते त्या बॉडीच्या पुढच्या भिंतीची) चार भोके, पंखाच्या बोल्टची दोन आणि बिजागरींची एकूण अठरा भोके बाकी आहेत, म्हणून आताच विचारून घेतो.

फिटरकाका

धागाकर्त्यांनी माप आणि हिशेब दोन्ही दिले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी पस्तीस वर्षे फिटर म्हणून काम केले. विमाने मी करत नाही, नातू करतो, पण भोक हे भोकच असते.

सर्वप्रथम, श्वास रोखू नका. तुमचा हात हलल्यामुळे हे भोक कललेले नाही. हात हलला असता तर भोक मोठे झाले असते, तोंडाशी लंबगोल झाले असते आणि तार त्यात खुळखुळली असती. तुमची तार घट्ट बसते आहे, याचा अर्थ हात स्थिर होता आणि स्थिरपणे चुकीच्या दिशेला होता.

आता मी न पाहता एक गोष्ट सांगतो, ती बरोबर आहे का ते कळवा. डाव्या पंखाचे भोक पाडताना तुम्ही पंखाच्या मागच्या कडेशी उभे होता आणि पंख पालथा होता. पिस्तुलाच्या ड्रिलची मूठ ड्रिलच्या अक्षावर नसते, ती बाजूला असते. ड्रिल उभे धरले की ती मूठ आपल्या छातीकडे येते. आपण जोर मुठीवर देतो, त्यामुळे ड्रिलचे डोके आपल्याकडे झुकते आणि बिटाचे टोक आपल्यापासून दूर जाते. डावे-उजवे कललेले ड्रिल आपल्याला लगेच दिसते, कारण ते डोळ्यांसमोर आडवे हलते. आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर झुकलेले ड्रिल मात्र डोळ्याला सरळच दिसते, कारण आपण नेमके त्याच रेषेत पाहत असतो. आयटीआयमधल्या पहिल्या वर्षाच्या मुलांची निम्मी भोके याच दिशेला चुकलेली आम्हाला सापडत असत. बिटाचे टोक पंखाच्या पुढच्या कडेकडे गेले, तर तारेचे आतले टोक पुढे जाते आणि खाचेच्या दुसऱ्या बाजूचा पाय मागे येतो. तुमचे डावे चाक मागे आहे, हे त्याला धरून आहे.

दुसरी शंका अशी की उजवे भोक सरळ आहे हे तुम्ही मोजलेले नाही, केवळ गृहीत धरले आहे. चिंचोळ्या जागेत माणूस पंखाचे मूळ नेहमी एकाच हाताला ठेवतो. डावा पंख तसा ठेवला आणि मागची कड तुमच्याकडे आली, तर उजवा पंख तसाच ठेवल्यावर पुढची कड तुमच्याकडे येते. तिथेही ड्रिल तुमच्याकडेच झुकले असणार, म्हणजे ते चाक पुढे गेले असणार. तुमचे ३ अंश मला एका भोकाचे वाटत नाहीत, दीड-दीड अंश दोन्हीकडे वाटून गेलेले वाटतात. विमानाच्या मधल्या रेषेला काटकोनात दोरा ताणा आणि प्रत्येक चाक त्या दोऱ्यापासून वेगळे मोजा.

गॅलरीतला कारखाना

काका, गॅलरीच्या डाव्या हाताला भिंत आहे आणि पंखाचे मूळ दोन्ही वेळा मी त्या भिंतीलाच टेकवले होते.

दोरा ताणून मोजले. डावे चाक जिथे असायला हवे त्याच्या ३ मिमी मागे आहे आणि उजवे जवळजवळ ४ मिमी पुढे. मी फक्त डावे भोक बुजवून नव्याने पाडायच्या बेतात होतो. तसे केले असते, तर डावे सरळ आणि उजवे वाकडे, अशी परिस्थिती कायम राहिली असती आणि तारा पुन्हा एकदा निष्कारण तपासल्या गेल्या असत्या.

आता हे टाळायचे कसे, ते कृपया सांगावे.

फिटरकाका

जोर अक्षावर द्या. उजव्या हाताने मूठ धरा, पण ती केवळ बटण दाबण्यापुरती. डावा तळहात ड्रिलच्या पाठीवर, बिटाच्या बरोबर रेषेत ठेवा आणि दाब तिथून द्या. एवढ्याने अर्धे काम होते.

उरलेल्या अर्ध्या कामासाठी दोन गुण्ये (काटकोन तपासायच्या पट्ट्या) वापरा. एक समोर आणि एक बाजूला, म्हणजे एकमेकांशी काटकोनात, भोकापासून दोन बोटे अंतरावर उभे करा. समोरच्या गुण्याने डावे-उजवे कळते, बाजूच्या गुण्याने पुढे-मागे. बाजूच्या गुण्याकडे पाहण्यासाठी घरातल्या कोणाला तरी उभे करावे. त्या माणसाला ड्रिलिंगचे काही कळत नसले तरी चालते, "तुमच्याकडे झुकतंय" एवढे सांगता आले म्हणजे पुरे. माणूस नसेल, तर तीन-चार मिलिमीटर गेल्यावर थांबा, काम पाव वळण फिरवा आणि पुन्हा पाहा. भोक उथळ असते तोवर दुरुस्ती होते. बिटाच्या व्यासाच्या दुप्पट खोल गेल्यावर बिट भोकाच्या भिंतीचे ऐकते, तुमचे ऐकत नाही, आणि तेव्हा जबरदस्तीने सरळ करू गेल्यास फक्त तोंड फाटते.

बिट तपासा. काचेवर ठेवून लोळवा. वाकडे असेल तर मधून उजेड दिसतो आणि त्याचा ठोका ऐकू येतो. चकची (बिट धरणाऱ्या जबड्यांची) किल्ली एकाच छिद्रात लावून समाधान मानू नका, तिन्ही छिद्रांत लावून आवळा, म्हणजे तिन्ही जबडे सारखे बसतात. बिट जेवढे लागते तेवढेच बाहेर ठेवा. बाहेर राहिलेली लांबी निम्मी केली, तर त्याच आडव्या जोराने बिटाचे वाकणे आठव्या हिश्शावर येते. नवशिके लांब बिट वापरतात, कारण त्यावर गुण्या चांगला लावता येतो. दिसायला सोपे जाते हे खरे, पण बिट वाकते.

आणि एक मार्गदर्शक ठोकळा करून घ्या. कठीण लाकडाचा ३० मिमी जाडीचा, सर्व बाजू गुण्यात असलेला तुकडा घेऊन जवळच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये जा आणि त्यांच्या खांबाच्या ड्रिलवर त्यात २, ३, ४, ५ आणि ६ मिमीची भोके पाडून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे, चहापाण्यात होते. भोकाची लांबी व्यासाच्या चौपट तरी असावी, आखूड ठोकळ्यात बिट डुलते. वारंवार वापरून लाकडातले भोक सैल होते, म्हणून ज्या मापाचे काम जास्त असेल त्या भोकात पितळी नळी बसवा. ठोकळा कामावर घट्ट दाबून धरला की मग दोन गुण्ये आणि घरातला माणूस, दोघांनाही सुट्टी देता येते.

तिसरा मजला

एवढा खटाटोप करण्यापेक्षा हाताचे ड्रिल ज्यात अडकवता येते तो उभा स्टँड घ्यावा, असे मला वाटते. बोहरी आळीत सहज मिळतो आणि गॅलरीतही मावतो.

फिटरकाका

घ्यावा, पण घेताना ड्रिल धरणाऱ्या कॉलरला हात लावून हलवून पाहावे. हलक्या स्टँडमध्ये ती खांबावर एवढी ढिली असते की तळाशी दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. शिवाय माणसाला वाटते की यंत्र लावले आहे म्हणजे भोक सरळच असणार, आणि तो तपासायचे सोडून देतो. तरीही ठोकळा तयार करायला स्टँड उपयोगी पडतो.

सुकाणू

स्टँडबद्दल माझी अडचण वेगळी आहे. पाऊण मीटर लांबीचा पंख खांबाला आडवा येतो, आणि फायरवॉल तर बॉडीला चिकटल्यावर तिथे स्टँड पोहोचतच नाही. मॉडेलमधली महत्त्वाची भोके सहसा भाग जोडून झाल्यावरच पाडावी लागतात, म्हणून हाताच्या ड्रिलला पर्याय नाही.

मला मात्र फिटरकाकांच्या मुद्द्याच्या आधीचा एक मुद्दा मांडायचा आहे. काटकोन म्हणजे नेमका कशाशी काटकोन? धातूच्या चौरस तुकड्यात हा प्रश्न पडत नाही. विमानात एकही पृष्ठ दुसऱ्याशी समांतर नसते. धागाकर्त्यांच्या ठोकळ्याचाच विचार करा. ठोकळा चिकटवल्यावर आपण तो पंखाच्या वळणाशी मिळवण्यासाठी घासतो. त्या घासलेल्या पृष्ठावर मार्गदर्शक ठोकळा ठेवला, तर भोक त्या उताराशी काटकोनात येईल, पंखाच्या कॉर्ड रेषेशी (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या सरळ रेषेशी) नव्हे. दोन्ही पंखांत उतार सारखा असेल, तर दोन्ही चाके सारखीच पुढे किंवा मागे जातील आणि ते खपून जाईल, पण घासणे हाताचे असते आणि दोन ठोकळे सारखे घासले जात नाहीत. माझा उपाय असा की खाचेचा तळ न घासता तसाच ठेवायचा आणि खाचेत नेमका बसणारा, खाली जीभ असलेला मार्गदर्शक ठोकळा करायचा. त्यामुळे पंखाच्या लांबीच्या दिशेचा काटकोन खाचेकडून मिळतो. पुढच्या-मागच्या दिशेसाठी पंख पालथा करून त्याच्या आकाराच्या साच्यावर ठेवायचा, कॉर्ड रेषा टेबलाशी समांतर करायची आणि टेबलावर उभ्या केलेल्या गुण्याने पाहायचे. पंख फोमचा असेल, तर ज्या फोमच्या कवचातून तो कापलेला असतो ते कवच आयताच साचा असते. ते कोणीही फेकू नये.

पंखाच्या बोल्टची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे कॉर्ड रेषा विसरायची. पंखाचा पृष्ठभाग मागच्या कडेकडे उतरता असतो आणि नायलॉन बोल्टचे डोके त्या उतारावर सपाट बसायला हवे. डोके एका कडेवर टेकले, तर आवळताना बोल्ट वाकतो आणि पहिल्याच ओबडधोबड उतरणीत तुटतो. बोल्टने तुटावे हे योग्यच आहे, पण विमान आपटल्यावर, आवळल्यावर नव्हे. म्हणून भोक त्या उताराशी काटकोनात पाडायचे आणि बॉडीतली प्लायची पट्टीही त्याच कोनात चिकटवायची. पंख जागेवर बसवावा, शेपटीच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतची अंतरे दोऱ्याने सारखी करावीत, पंख बांधून टाकावा आणि मग पंख व पट्टी या दोहोंतून एकदमच भोक पाडावे. बोल्ट ६ मिमीचा असेल, तर हे भोक ५ मिमीचे पाडावे. मग पंख काढून पट्टीत ६ मिमीचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारावा, आट्यांवर पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) सोडावा, तो वाळल्यावर टॅप पुन्हा एकदा फिरवावा आणि पंखातले भोक तेवढे ६ मिमीपेक्षा किंचित मोठे करावे. दोन्ही भाग एकाच फेरीत छेदले गेल्यामुळे कोन अर्धा-एक अंश चुकला तरी दोन्हीकडे सारखाच चुकतो आणि बोल्ट अडकत नाही.

फायरवॉलच्या चार भोकांची मला फारशी चिंता वाटत नाही. ६ मिमी प्लायमध्ये २ अंश कलले, तरी भोक ०.२ मिमी सरकते. तिथे जागा चुकते, कोन नव्हे. चारही भोके एकदम आखून पाडू नयेत. एक पाडावे, माउंट (इंजिन धरणारा भाग) त्या एका बोल्टवर लटकवून सरळ करावा, कर्णावरचे दुसरे भोक माउंटमधूनच पाडावे, बोल्ट घालावा आणि मग उरलेली दोन पाडावीत. फक्त ब्लाइंड नट (लाकडात दात रुतवून मागून बसणारा नट) बसण्याची मागची बाजू एकदा पाहून घ्यावी. भोक फारच कललेले असेल, तर नटाचे दात एका बाजूने रुततात आणि पंख्याची (प्रोपेलरची) कंपने तो नट सैल करतात.

आरशातून

उत्तम चर्चा. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकताना आमच्या शिक्षकांनी दाखवलेल्या दोन युक्त्या इथे देतो. दोन्हींना खर्च नाही.

पहिली जुन्या सीडीची. सीडीच्या मधल्या १५ मिमीच्या भोकातून बिट कामावर टेकवायचे आणि चकचकीत बाजूत त्याचे प्रतिबिंब पाहायचे. बिट आणि प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसले, तर बिट काटकोनात आहे. कुठे कोपर दिसले, तर नाही. यातली गंमत अशी की आरसा चूक दुप्पट करून दाखवतो. बिट एका अंशाने कलले, तर बिट आणि प्रतिबिंब यांच्यात दोन अंशांचे कोपर दिसते, त्यामुळे गुण्यापेक्षा हे लवकर लक्षात येते. अर्थात फिटरकाकांनी सांगितलेली मर्यादा इथेही आहे. एकाच जागेवरून पाहू नये, डोके बाजूला नेऊन पुन्हा पाहावे. सीडी सपाट पृष्ठावरच बसते, म्हणून पंखाच्या वळणावर ही युक्ती चालत नाही.

दुसरी युक्ती आडव्या भोकांसाठी आहे, उदाहरणार्थ बॉडी टेबलावर ठेवून फायरवॉलमध्ये समोरून भोक पाडताना. लांब बिटाच्या गुळगुळीत दांड्यावर एक सैल वॉशर घालावा. ड्रिल फिरत असताना वॉशर एका जागी राहिला, तर बिट समपातळीत आहे. तो चककडे किंवा कामाकडे चालू लागला, तर ज्या बाजूला जातो ती बाजू खाली आहे. विमानाची बॉडीही आधी समपातळीत ठेवायला हवी, हे वेगळे सांगायला नको. आमच्या तुकडीतील एकाने मात्र ते ऐकले नव्हते.

गिरमिट

आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम होते. मी स्वतः संगणकावर बसतो, पण आजोबांचा सामता अजून माळ्यावर आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : उभ्या दांड्याला दोरीचा वेढा असतो, दोरी धनुष्याच्या दोन टोकांना बांधलेली असते आणि धनुष्य पुढे-मागे ओढले की दांडा फिरतो. फिटरकाकांचा "जोर अक्षावर द्या" हा मुद्दा वाचून मला तोच आठवला, कारण सामत्यात जोर दुसरीकडे देताच येत नाही. दांड्याच्या डोक्यावरची वाटी डाव्या तळहातात असते आणि दाब सरळ टोकावर जातो. फिरवणारा हात वेगळा आणि दाबणारा हात वेगळा. विजेच्या पिस्तुलाने ही दोन्ही कामे एकाच मुठीत आणली आणि कलण्याची सोय करून ठेवली.

आता लाकडाविषयी. धातू सगळीकडून सारखाच कठीण असतो, लाकूड तसे नसते, आणि मॉडेलमध्ये तर एकाच भोकाच्या वाटेत तीन प्रकारची लाकडे येतात. मॉडेलसाठी वापरतात तो चांगला हलका बाल्सा घनमीटरला १०० ते २०० किलो भरतो, साग साधारण सहाशेच्या पुढे जातो, आणि दोघांच्या मध्ये वाळलेल्या इपॉक्सी गोंदाचा थर असतो, जो बाल्सापेक्षा कितीतरी कठीण असतो. बिट या सीमेवर तिरके पोहोचले की कठीण बाजू त्याला ढकलते आणि ते मऊ बाजूकडे सरकते. तुमचा हात, गुण्या, आरसा सगळे बरोबर असूनही भोक आत गेल्यावर वळते, ते यामुळे. त्यावर माझा उपाय म्हणजे भोकाची वाट आधीच ठरवून तिथे दोन्ही बाजूंना सारखेच लाकूड येईल असा तुकडा बसवणे. जोडरेषेवर भोक पाडायची वेळ येऊ देऊ नये.

निव्वळ बाल्सामध्ये तर ड्रिल बिट वापरूच नये, असे माझे मत आहे. बाजारातल्या साध्या बिटाचे टोक ११८ अंशांचे असते आणि ते धातूसाठी आखलेले असते. त्याच्या अगदी मध्यभागी धार नसते, एक आडवी बोथट कड असते, आणि ती कापत नाही, दाबत जाते. बाल्साचे रेशे मऊ असल्यामुळे ती कड दोन रेशांच्या मधली सोपी वाट पकडते. त्याऐवजी हव्या त्या बाहेरच्या व्यासाची पितळी नळी घ्यावी, तिचे तोंड आतून बारीक गोल कानशीने घासून धारदार करावे, त्रिकोणी कानशीने चार-पाच दात पाडावेत आणि ती बोटांनी फिरवत आत न्यावी. नळी रेशे कापते, ढकलत नाही. दर काही मिलिमीटरांनी बाहेर काढून आतली बाल्साची गोळी तारेने ढकलून टाकावी. ही गोळी म्हणजे भोकाचा जबाबच असतो. तिच्या एका अंगावर रेशा तिरका दिसू लागला, की वाट वळते आहे हे ओळखावे.

बिजागरीच्या भोकांना हीच पद्धत मी वापरतो. धागाकर्त्यांची अठरा भोके बाकी आहेत, म्हणून आकडा देतो. गोल खिळ्यासारख्या मोठ्या बिजागरीला ३/१६ इंचाचे, म्हणजे ४.८ मिमीच्या आसपासचे भोक लागते. पंखाची मागची कड १० मिमी जाडीची असेल, तर भोकाच्या दोन्ही बाजूंना २.६ मिमी लाकूड उरते. २५ मिमी खोलीत भोक ५ अंशांनी कलले, तर टोक २.२ मिमी सरकते आणि वरच्या कातडीखाली अर्धा मिलिमीटरही लाकूड शिल्लक राहत नाही. त्या दिवशी काहीच दिसत नाही. पंखावर आवरणाची फिल्म चढवताना इस्त्री फिरवली, की तिथे पुळी उठल्यासारखे दिसते. इथे दोन अंगांनी कडेला कवटाळणारा, मध्ये नळी असलेला प्लायचा चिमटा करावा. कडेची जाडी बदलली तरी नळी मध्यावरच राहते.

सुकाणू

गिरमिट यांच्या बिजागरीच्या आकड्यांना अनुमोदन, आणि जिथे हाताने ड्रिल अजिबात चालवू नये त्या एका जागेचा उल्लेख करून थांबतो. ती जागा म्हणजे पंख्याचे मधले भोक. १० इंची पंख्याचे भोक इंजिनाच्या दांड्यासाठी मोठे करताना ते एका अंशाने जरी कलले, तरी १२७ मिमी अंतरावरच्या टोकाला एक पाते २.२ मिमी पुढे आणि दुसरे तेवढेच मागे फिरते, म्हणजे दोन पात्यांच्या वाटांत ४.४ मिमीचा फरक पडतो. मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांवर ही थरथर सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटारी) आणि इंधनाच्या टाकीपर्यंत पोहोचते. यासाठी पायऱ्यांचा रीमर मिळतो. त्याची आधीची पायरी मूळ भोकात घट्ट बसून पुढच्या पायरीला वाट दाखवते. तो हाताने फिरवायचा आणि नंतर पंखा बॅलन्सरवर पाहायचा.

गॅलरीतला कारखाना

सर्वांचे आभार. दोन रविवार गेले, आता झालेले काम कळवतो.

दोन्ही भोके बुजवली. आधी मी बांबूची काडी इपॉक्सीत बुडवून भोकाची फक्त कललेली बाजू भरणार होतो, पण गिरमिट यांचे म्हणणे वाचल्यावर ते सोडले. अर्धे भोक भरले असते, तर एका बाजूला बांबू आणि दुसऱ्या बाजूला जुने लाकूड, म्हणजे बिटाला पुन्हा मऊ वाट दाखवण्यासारखेच झाले असते. म्हणून दोन्ही भोके ८ मिमीपर्यंत मोठी केली, त्यांत त्याच जातीच्या कठीण लाकडाचे गोल दांडे इपॉक्सीने बसवले आणि दोन दिवस हात लावला नाही. आता नव्या ४ मिमी भोकाच्या चारही बाजूंना २ मिमी सारखेच लाकूड आहे.

सुकाणू यांनी सांगितलेला जिभेचा ठोकळा केला. ५ मिमी प्लायचे सहा तुकडे एकावर एक चिकटवले आणि कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये त्यातले भोक पाडून घेतले. तिथल्या कारागिराने तुकडा उलटासुलटा करून पाहिला, "एवढ्याशा भोकासाठी?" असे विचारले आणि पैसे घेतले नाहीत. पंख साच्यावर पालथा ठेवला. या वेळी दोन्ही पंखांना मागची कडच माझ्याकडे केली. उजव्या पंखाचे मूळ त्यासाठी गॅलरीच्या कठड्याबाहेर काढावे लागले आणि बायकोने ते खालून कोणी ओढून नेईल अशा थाटात धरून ठेवले. बाजूच्या गुण्याकडेही तीच पाहत होती. आधी ३ मिमीचे भोक पाडले, त्यात ३ मिमीची सरळ तार उभी करून दोन दिशांनी तपासले आणि मगच ४ मिमीचे बिट चालवले. जोर डाव्या तळहाताने ड्रिलच्या पाठीवर दिला. ड्रिलची पाठ चांगलीच तापते, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

तार बसवताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. पियानो वायरचे वळण टोकदार काटकोनात येत नाही, आतून थोडी गोलाई राहते. भोकाचे तोंड खाचेच्या बाजूला कोरून ती गोलाई आत घेतली नाही, तर तार खाचेतून नखभर वर उचलली जाते आणि भोकच कलले आहे असा भास होतो. मीही पाच मिनिटे तसेच समजून हताश बसलो होतो. चाकूच्या टोकाने तोंड कोरल्यावर तार टक् आवाज करून खाचेच्या तळाशी बसली.

दोरा पुन्हा ताणला. डावे चाक जागेवर आहे, उजवे एका मिलिमीटरपेक्षा थोडे कमी पुढे आहे. ते मी तसेच ठेवणार आहे. बिजागरींसाठी नळीला दात पाडायला घेतले आहेत आणि पहिल्या नळीचे तोंड कानशीने चेपून बसलो आहे. ती आतून घासताना बाहेरून कशात धरावी, हे गिरमिट यांनी सांगितल्यास बरे होईल.

गिरमिट

नळीच्या मापाचे भोक पाडलेला लाकडाचा तुकडा करवतीने मधोमध उभा चिरावा, दोन अर्ध्यांच्या मध्ये नळी ठेवावी आणि ते दोन अर्धे व्हाइसमध्ये हलकेच आवळावेत. नळीचे तोंड लाकडाबाहेर २ मिमीच असू द्यावे.